बायोडिझेलच्या नऊ बस आणि एका गुणाची गोष्ट

डिसेंबर 2018 मधली सकाळ. रांजणगाव एमआयडीसीत थंडी चांगलीच पडली होती. साडेआठच्या सुमाराला ट्रान्सपोर्टच्या शेडमधून फोन आला, "मॅडम, ड्रममधलं तेल थिजलंय." मी धावत गेले. ड्रायव्हर काकांनी पंपाची नळी काढून बरणीत थोडं तेल घेतलं होतं. एरवी मधासारखं पारदर्शक दिसणारं बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलापासून बनवलेलं डिझेलसारखं इंधन, गढूळ झालं होतं आणि तळाशी साजूक तुपासारखे पांढरे कण बसले होते. काका म्हणाले, "आता हे बसमध्ये घालू का नको, ते तुम्हीच सांगा."

मी तेव्हा कंपनीत पर्यावरण आणि सुरक्षा विभाग सांभाळत होते. आमच्या ऑफिस आणि टेस्टिंगच्या इमारतीसाठी 'लीड'चं, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं, प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं होतं. इमारत जुनी, म्हणून चालू इमारतींसाठी असलेली 2009 ची आवृत्ती आम्ही घेतली होती. नोंदणी 2016 मध्येच करून ठेवली होती, पण काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते 2018 मध्ये. या पद्धतीत एकूण 110 गुण. 40 ला प्रमाणपत्र, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम. आम्हाला गोल्ड हवं होतं, आणि हिशेब 58-59 च्या आसपास अडकत होता. एकेका गुणासाठी बैठका चालल्या होत्या.

बायोडिझेलची कल्पना माझी. आणि ती गुणांच्या तक्त्यातून सुचली नव्हती, कॅन्टीनमधून सुचली होती.

आमच्या कॅन्टीनला दर पंधरा दिवसांनी स्कूटरवरून एक माणूस यायचा आणि तळून काळं झालेलं तेल पत्र्याच्या डब्यात घेऊन जायचा. रोख पैसे देऊन जायचा. ते तेल पुढे कुठे जातं, असं कॅन्टीन सांभाळणाऱ्या अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, गाड्यांवर भजी तळणारे घेतात. कुठं साबणवाले घेतात. मला काय ठाऊक?" एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सना, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांना, 25 टक्क्यांची मर्यादा घातली होती, आणि त्याच वर्षी वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याचा 'रुको' उपक्रम सुरू केला होता. मी हातात धरायचा टेस्टर मागवला. वडे तळून झालेल्या कढईत बुडवला तर आकडा 31 आला. आमच्याच लोकांसाठी तळलेलं, आमच्याच कॅन्टीनमधलं हे तेल पुढे कोणाच्या तरी पोटात जात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते.

पुण्याजवळच्या एका बायोडिझेल उत्पादकाशी बोलणी केली. आम्ही वापरलेलं तेल त्यांना द्यायचं आणि त्यांच्याकडून बी-100, म्हणजे शंभर टक्के बायोडिझेल, विकत घ्यायचं. कंपनीच्या मालकीच्या नऊ बस होत्या. हडपसर, वाघोली, शिक्रापूर, शिरूर या बाजूंनी लोकांना ने-आण करणाऱ्या. सगळ्या जुन्या, बीएस-3 या जुन्या प्रदूषण-निकषाच्या इंजिनाच्या, वॉरंटी संपलेल्या. त्यात 20 टक्के मिश्रण, म्हणजे बी-20 चालवायचं असं ठरवलं.

मग हिशेब मांडला आणि पहिला धक्का बसला. नऊ बस महिन्याला साधारण 23,400 किलोमीटर धावत होत्या. साडेचारचं ॲव्हरेज धरलं तर 5,200 लिटर इंधन. त्याचे 20 टक्के म्हणजे 1,040 लिटर, 200 लिटरचे पाच ड्रम आणि वर थोडं. कॅन्टीनचं वापरलेलं तेल महिन्याला किती? 65 लिटर. त्यातून फार तर 60 लिटर बायोडिझेल निघणार. "आमच्या बस आमच्या वड्यांच्या तेलावर चालतात" असं वाक्य मी मनात कधीचं लिहून ठेवलं होतं. ते खोडावं लागलं. बाकीचं बायोडिझेल विकतच घ्यायचं होतं, आणि ते इतर हॉटेलं आणि फरसाणवाल्यांच्या तेलापासून बनलेलं होतं. सादरीकरणात मी हे तसंच लिहिलं.

दुसरा धक्का लीडच्या कामासाठी नेमलेल्या सल्लागार बाईंनी दिला. मी समजत होते की लोकांच्या ये-जा करण्याबद्दल जे गुण मिळतात, त्यात पर्यायी इंधनाच्या बस म्हणून आम्हाला जास्तीचं काहीतरी मिळेल. त्यांनी संदर्भ पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथे पर्यायी इंधनांची यादी होती: वीज, हायड्रोजन, प्रोपेन, सीएनजी, एलएनजी, मिथेनॉल, इथेनॉल. शेवटी 'यांसारखी' असा शब्द. बायोडिझेल त्या यादीत नव्हतं. "यांसारखी म्हणजे आपलंही आलंच ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यावर भांडता येईल, पण भांडून मिळणार काय? हा क्रेडिट, म्हणजे गुणांचा हा विभाग, एकट्याने गाडी चालवत येणाऱ्यांच्या फेऱ्या किती कमी झाल्या, ते मोजतो. बसमधला माणूस बसमध्ये आहे एवढंच पुरेसं आहे. खाली डिझेल जळतंय की बायोडिझेल, इथे फरक पडत नाही."

तसंच झालं. इमारतीत नियमित येणाऱ्या 612 जणांचा पाच दिवसांचा सर्व्हे घेतला. ज्यांनी फॉर्म दिला नाही त्यांना एकट्याने गाडीवर येणारे धरलं. एकट्याने गाडी न चालवता येणाऱ्यांचं प्रमाण 71 टक्के आलं. त्या क्रेडिटच्या 15 पैकी 14 गुण आमच्या खिशात पडले, आणि ते बस साध्या डिझेलवर असत्या तरी पडलेच असते.

त्या संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं की बायोडिझेलचा या क्रेडिटला उपयोग नाही. ते म्हणाले, "मग बंद करू या का?" तोपर्यंत एकही ड्रम आला नव्हता, बंद करणं सोपं होतं. मी म्हटलं, नको. कढईतला तो 31 आकडा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. सल्लागार बाईंनीच मार्ग सुचवला: 'इनोव्हेशन' म्हणून स्वतंत्र प्रस्ताव द्यायचा. त्यात आपणच हेतू लिहायचा, आपणच निकष ठरवायचा, आपणच पुरावा द्यायचा. अट इतकीच की फायदा मोजता आला पाहिजे, उपाय सगळीकडे लागू केलेला पाहिजे, एकदोन बसपुरता नको, आणि दुसऱ्या इमारतीलाही तो करता आला पाहिजे. मिळाला तर एक गुण.

ऑक्टोबर 2018 ते मार्च 2019 हा आमचा मोजणीचा काळ ठरला.

पहिल्या आठवड्यातच हडपसरची बस शिक्रापूरच्या चौकात बंद पडली. पंचेचाळीस माणसं रस्त्यावर. ड्रायव्हर काकांनी फिल्टर खोलून, फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मॅडम, ह्यो बघा. काळं कुट्ट निघालंय. तुमच्या तेलानं बस मारली." काजळासारखा थर बसला होता त्यावर. मी उत्पादकाच्या केमिस्टना फोन लावला. त्यांनी विचारलं, टाक्या किती जुन्या आहेत? बारा वर्षांच्या. मग त्यांनी समजावलं: बायोडिझेल हे चांगलं विद्रावक आहे, डिझेलने टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं धरलेला गाळ ते सोडवून आणतं. तो गाळ फिल्टरमध्ये अडकतो. टाकी एकदा धुतली गेली की त्रास थांबतो.

हे आधी माहीत असायला हवं होतं. मी ते विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नऊही बसना नवे फिल्टर, आणखी एक-एक गाडीत राखीव, आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा बदल, असा नियम केला. वॉटर सेपरेटरचं पाणी रोज सकाळी सोडायचं, कारण बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त पाणी धरतं. जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, म्हणून त्याही बदलून घेतल्या. काकांशी मात्र मी दोन दिवस शेडमध्ये बसून बोलले. ते कित्येक वर्षं त्या बसवर होते. त्यांच्या रागात गाडीबद्दलची माया होती, ती मला दिसत होती. तिसऱ्या फिल्टरला जेव्हा कागद जवळजवळ स्वच्छ निघाला, तेव्हा तेच तो घेऊन आले आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेले.

मिश्रणाची पद्धत आम्ही अशी बसवली. बस सकाळी येताना हायवेच्या पंपावर डिझेल भरून येणार. बिल आमच्याकडे. बिलावर 80 लिटर असेल तर आम्ही शेडमध्ये वरून 20 लिटर बी-100 टाकणार, म्हणजे डिझेलच्या पाव पट. क्रम महत्त्वाचा: बायोडिझेल डिझेलपेक्षा किंचित जड असतं, म्हणून डिझेल आधी आणि बायोडिझेल वरून. उलट केलं तर ते तळाशी बसून राहतं.

हे सांगून झालं होतं, शेडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून लावलंही होतं. तरी नोव्हेंबरात आम्ही एका बसच्या टाकीतला नमुना प्रयोगशाळेत पाठवला तेव्हा अहवालात बायोडिझेलचं प्रमाण 13 टक्के आलं. रजिस्टर 20 म्हणत होतं. मला घाम फुटला, कारण रजिस्टर खोटं ठरलं तर सगळंच खोटं. चौकशी केली तेव्हा कळलं की नवा मुलगा आदल्या संध्याकाळीच रिकाम्या टाकीत बायोडिझेल टाकून मोकळा व्हायचा आणि डिझेल सकाळी वरून पडायचं. आम्ही नमुना घेतला होता टाकीच्या तोंडाजवळून, बस हलायच्या आधी. पुढच्या वेळी योग्य क्रमाने भरून, बस वीस किलोमीटर फिरवून नमुना घेतला. 19.4 आला. दोन्ही अहवाल मी फाइलला लावले.

आता त्या गढूळ ड्रमकडे परत येते. आपल्याकडे हॉटेलांत तळायला बहुतेक पामतेल असतं. त्यातल्या घट्ट स्वभावाच्या चरबीमुळे त्यापासून बनलेलं बायोडिझेल लवकर थिजतं, अगदी 13 ते 16 अंशांच्या आसपासच ढगाळ व्हायला लागतं. रांजणगावला डिसेंबरात पहाटे पारा 10 च्या खाली जातो. मिश्रण 20 टक्क्यांचं असेल तर त्रास कमी होतो, पण शुद्ध ड्रम शेडमध्ये उघड्यावर होता. मी त्या दिवशी एकाही बसमध्ये तेल घालू दिलं नाही. दुपारी ऊन चढल्यावर बरणीतले कण विरघळले आणि तेल पुन्हा पहिल्यासारखं झालं. त्यानंतर ड्रम बंद खोलीत हलवले, तेल दुपारी एकनंतरच टाकायचं ठरवलं, आणि डिसेंबर-जानेवारीत मिश्रण 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. बॉयलरच्या भिंतीला ड्रम टेकवून गरम ठेवू या, असं कोणीतरी सुचवलं होतं. बी-100 चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, 100 अंशांच्या वर असतो, डिझेलपेक्षा ते खूप सुरक्षित आहे. तरी मी नाही म्हटलं. सुरक्षा अधिकारी म्हणून माझी सही ज्या कागदावर आहे, त्या कागदाला ते शोभलं नसतं.

रजिस्टर मी स्वतः आखलं होतं. तारीख, बस नंबर, किलोमीटर, डिझेलचा बिल नंबर आणि लिटर, बी-100 चे लिटर, ड्रम नंबर, सही. प्रत्येक ड्रमला आमचा क्रमांक, आणि त्याला जोडलेला त्या बॅचचा आयएस 15607 या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासणीचा दाखला. दाखला नसलेला ड्रम गेटवरूनच परत. असे दोन ड्रम परत गेले, आणि उत्पादक नाराज झाले. पण बायोडिझेलच्या नावाखाली काहीही मिसळून विकणारे तेव्हा हायवेवर बरेच होते. त्यांच्यात आणि आमच्यात फरक त्या एका कागदाचाच होता.

धुराचं सांगायचं तर, पीयूसी सेंटरवर जुन्या डिझेल गाड्यांना धुराच्या घनतेची मर्यादा 2.45 असते. आमच्या हडपसरच्या बसचा आकडा आधी 1.9 होता, फेब्रुवारीत 1.5 आला. ॲव्हरेज साडेचारचं 4.4 झालं, कारण बायोडिझेलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते.

प्रस्ताव लिहिताना एका मुद्द्यावर आमच्यात वाद झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, 2002 च्या अभ्यासात बी-20 चे सरासरी आकडे आहेत: धुरातले कण सुमारे 10 टक्क्यांनी कमी, कार्बन मोनॉक्साइड 11 टक्क्यांनी कमी, हायड्रोकार्बन 21 टक्क्यांनी कमी. पण नायट्रोजन ऑक्साइड 2 टक्क्यांनी जास्त. सहकारी म्हणाले, शेवटचा आकडा कशाला लिहायचा, कोण विचारतंय? मी लिहिला. पुणे-नगर रस्त्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत ते ती हवा श्वासात घेतात. तीन चांगले आकडे सांगायचे आणि चौथा खाली दडपायचा, हे मला जमलं नसतं.

पहिल्या तपासणीतून आलेला शेरा मात्र मला वेगळ्याच जागी पकडून गेला. मी सगळीकडे 'बी-20' लिहिलं होतं. परीक्षकांनी माझ्याच रजिस्टरची बेरीज केली होती. सहा महिन्यांत एकूण इंधन 31,200 लिटर, त्यात बी-100 5,200 लिटर, म्हणजे 26 ड्रम. टक्केवारी 16.7. "प्रस्तावात 20 म्हटलं आहे, नोंदी 16.7 दाखवतात, खुलासा करा." डिसेंबर-जानेवारीतले ते 10 टक्के! मी ते थंडीच्या टिपणात लिहिलं होतं, पण मुख्य वाक्यात नाही. त्यांच्याकडून काही चूक नव्हती. सल्लागार बाई म्हणाल्या, "हे लपवलं असतं तर गुण गेला असता. तुमच्या रजिस्टरनेच सांगितलं, हे चांगलं आहे."

मी महिनावार तक्ता केला. चार महिने 20, दोन महिने 10, सरासरी 16.7. सोबत थिजलेल्या तेलाच्या बरणीचा फोटो, त्या दिवसाचं तापमान, आणि मिश्रण कमी करण्याचा लेखी निर्णय जोडला. 13 टक्क्यांचा नमुना आणि 19.4 चा नमुना, दोन्ही जोडले. कार्बनचा दावाही कमी केला. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने 5,200 लिटरचे जवळजवळ 14 टन होतात, आणि आधी मी ते पूर्णच्या पूर्ण लिहिले होते. पण बायोडिझेल बनवायलाही मिथेनॉल, वीज आणि वाहतूक लागते, ॲव्हरेजही घटलं होतं. ते सगळं वजा केलं आणि आकडा बराच खाली आला. कॅन्टीनचं तेल त्यातलं फक्त सात टक्क्यांच्या आसपास आहे, हे वाक्य ठळक अक्षरांत ठेवलं.

अंतिम निकाल आला तेव्हा मी शेडमध्येच होते. इनोव्हेशनच्या त्या ओळीपुढे 'मंजूर' होतं. एक गुण. एकूण 62, म्हणजे गोल्ड. काकांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "बासष्टातला आपला एक?" मी म्हटलं, "हो, आपला एक." त्यांनी हडपसरच्या बसच्या बोनेटवर हात थोपटला.

स्कूटरवाला माणूस त्यानंतरही एकदा आला होता. अण्णांनी त्याला सीलबंद कॅन दाखवले आणि रिकाम्या हाती परत पाठवलं. एफएसएसएआयने 1 मार्च 2019 पासून रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना नोंदी ठेवणं बंधनकारक केलं. आमचं कॅन्टीन त्या मर्यादेच्या खूप खाली होतं, तरी अण्णांनी वही घातली. त्यांच्या वहीत वडे, पुरी, पापड असे रकाने आहेत आणि शेवटच्या रकान्यात टेस्टरचा आकडा.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि बस जागच्या जागी उभ्या राहिल्या. खोलीत तीन ड्रम शिल्लक होते. बायोडिझेल फार काळ ठेवता येत नाही, हवेने ते खराब होतं, आम्लता वाढते. जूनमध्ये थोडे लोक परत यायला लागले तेव्हा मी आधी तिन्ही ड्रमचे नमुने पाठवले. आम्लतेची मर्यादा 0.50, आमचे आकडे 0.38, 0.41 आणि 0.44. पंधरा दिवसांत तिन्ही ड्रम संपवले.

पुढे कंपनीने नव्या बीएस-6 बस घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या पुस्तिकेत 7 टक्क्यांपेक्षा जास्त बायोडिझेल घालू नये असं छापलेलं होतं, कारण त्यांच्या धुराड्यातले फिल्टर नाजूक असतात. मी ते पान झेरॉक्स करून शेडमध्ये लावलं, जिथे आधी 'डिझेल आधी, बायोडिझेल वरून' लिहिलं होतं त्याच जागी. कॅन्टीनचे कॅन अजूनही दर महिन्याला त्याच उत्पादकाकडे जातात. मागच्या महिन्यात 58 लिटर गेलं.